कार्यमुक्तीचा हुकूम

संगणकाच्या धंद्यात असलेल्या तरुण मंडळींची अशी एक प्रामाणिक समजूत असते की, जुना ब्राउझर न सोडणारा मनुष्य केवळ अज्ञानापोटी तो सोडीत नाही; त्यास नव्याचे गुण नीट समजावून सांगितले, जुन्यातील धोके क्रमवार दाखवून दिले आणि शेवटी "पाच मिनिटांचे काम आहे" असा दिलासा दिला, म्हणजे तो आपण होऊन खुर्चीवरून उठेल आणि माउस आपल्या स्वाधीन करील. ही समजूत बाळगणाऱ्यांपैकी कोणाचाही महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या मावळातील अव्वल कारकुनाशी संबंध आलेला नसावा, असे माझे नम्र मत आहे. अज्ञानी माणसाचे मन वळविणे सोपे. ज्याला कायदा आपल्यापेक्षा अधिक समजतो त्याचे मन वळविण्यास निराळी सामग्री लागते, आणि ती संगणकाच्या दुकानात मिळत नाही.

आमचे मामा वडगावच्या मामलेदार कचेरीतून निवृत्त होऊन लोणावळ्यास तुंगार्लीच्या अंगाला स्थायिक झाले, आणि मुलाने मुंबईहून आणून दिलेला संगणक त्यांनी रीतसर पोच देऊन ताब्यात घेतला. त्या संगणकावर विंडोज एक्सपी होती आणि तिच्या पदरी इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती. ही आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये निघाली. तिच्यामागून सातवी येण्यास २००६ चा ऑक्टोबर उजाडला. आणि प्रतिस्पर्धी नेटस्केप निष्प्रभ झालेला असल्यामुळे मधल्या काळात जगातील बहुतेक संगणकांवर तिचा निर्वेध अंमल चालला. मी हकीकत सांगतो आहे ती २०१४ च्या पावसाळ्याची. म्हणजे बाहेरच्या जगात या आवृत्तीची निंदा करणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला होता, आणि तुंगार्लीत ती अद्याप पूर्ण अधिकारावर होती.

लोणावळ्याच्या पावसाची वार्षिक बेरीज चार हजार मिलिमीटरांच्या घरात जाते, आणि त्यातील मोठा हिस्सा आषाढ-श्रावणात थेट विजेच्या तारांवर पडतो, असा तेथील रहिवाशांचा अनुभव आहे. मामांच्या संगणकातील घड्याळाची ती बटणाएवढी बॅटरी केव्हाच संपलेली असल्याने, वीज जाऊन आली की तो दर वेळी १ जानेवारी २००२ या दिवशी जागा होई. आता ज्या संकेतस्थळाशी गुप्त लिपीत व्यवहार करावयाचा त्याचे प्रमाणपत्र हल्लीचे, आणि पाहणाऱ्याच्या पंचांगात अद्याप २००२ चालू. तेव्हा ब्राउझर साहजिकच बिचके आणि पडद्यावर एक इशारा मांडी. त्या इशाऱ्यात तीन कलमे असत: प्रमाणपत्र देणारी संस्था विश्वासार्ह आहे किंवा कसे, प्रमाणपत्राची तारीख वैध आहे किंवा कसे, आणि प्रमाणपत्रावरील नाव संकेतस्थळाच्या नावाशी जुळते किंवा कसे. पहिल्या व तिसऱ्या कलमापुढे हिरवी खूण, दुसऱ्यापुढे पिवळा त्रिकोण, आणि खाली प्रश्न, की पुढे जावयाचे काय? सामान्य मनुष्य यातील एक अक्षरही न वाचता 'होय' दाबून मोकळा होतो. मामा सगळा मजकूर वाचीत, चष्मा कपाळावर चढवून क्षणभर विचार करीत आणि म्हणत, "तीन मुद्द्यांपैकी दोहोंची पूर्तता आहे. तारखेची त्रुटी किरकोळ स्वरूपाची. सबब पुढे जाण्यास हरकत नाही." आणि मगच 'होय' दाबीत. छाननी इतकी चोख आणि निर्णय इतका घातक, असा योग मी सरकारी कामकाजातही क्वचितच पाहिला आहे.

शिवाय खिडकीच्या माथ्यावर पट्ट्यांची दाटी झालेली. कोणी हवामान सांगावयास, कोणी शोध घेऊन द्यावयास, कोणी हसरे चेहरे पुरवावयास म्हणून, काहीबाही फुकट उतरवून घेताना त्या मागोमाग आलेल्या. उत्तर पेशवाईतल्या तैनाती फौजेच्या रीतीने मदतीस म्हणून शिरल्या आणि मुलूख खाऊन बसल्या. प्रत्यक्ष मजकुरासाठी खाली चार-पाच ओळींची चिंचोळी फट काय ती उरली होती. त्या फटीतून मामा दैनिकाचा अग्रलेख ओळीओळीने वर सरकवीत वाचीत, आणि त्यामुळे वाचन मननपूर्वक होते असे सांगत. काही अग्रलेखांच्या बाबतीत ही वेगमर्यादा हितावह आहे, हे मी नाकबूल करीत नाही.

मी पहिला हल्ला सुरक्षिततेच्या बाजूने केला. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल बंद केली. यापुढे तीत छिद्र सापडले तर ते बुजविणारा कोणी नाही, आणि चोरांना मात्र छिद्रे हुडकण्याखेरीज दुसरा उद्योग नाही, असे मी सांगितले. दुर्दैवाने मामा वर्तमानपत्र वाचतात. त्याच एप्रिलच्या अखेरीस एक्सप्लोररच्या सहापासून अकरापर्यंतच्या सर्व आवृत्त्यांत एक मोठे छिद्र उघडकीस आले, अमेरिकेच्या व ब्रिटनच्या सरकारी यंत्रणांनी तूर्त दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला, आणि कंपनीने १ मे रोजी ते छिद्र बुजविताना, मुदत संपलेली असूनही, एक्सपीवाल्यांनाही दुरुस्ती पोचती केली. हा उत्कृष्ट पुरावा मी सादर करण्यापूर्वीच मामांनी तो माझ्या विरुद्ध दाखल करून घेतला. "मुदत संपल्यावर काम केले याला काय म्हणतात? मुदतवाढ. आणि एकदा दिलेली मुदतवाढ पुन्हा मागता येते."

तेव्हा मी मूळ धन्याचेच दप्तर उघडले. खुद्द मायक्रोसॉफ्टने मार्च २०११ मध्ये या सहाव्या आवृत्तीला घालविण्याची मोहीम काढली होती. त्या वेळी जगातील सुमारे बारा टक्के वापर तिच्या वाट्याला होता, तो एक टक्क्याच्या खाली आणावयाचा असा संकल्प सोडून त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ थाटले होते. ज्याने नेमणूक केली तोच काढून टाका म्हणतो, यापेक्षा अधिक काय पाहिजे? मामांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. "बदलीचा हुकूम निघाला, हे मला मान्य आहे. पण हुकूम निघाला म्हणून कोणी खुर्चीवरून उठत नाही, बाळ. त्याला कार्यमुक्त करावे लागते. आणि त्याच्या जागेवर दुसरा रुजू होऊन चार्ज घेतल्याशिवाय कार्यमुक्त करता येत नाही. तुझ्या नव्या माणसाने चार्ज घेतला आहे का?"

या वाक्यात सगळ्या प्रकरणाची किल्ली होती. परंतु उपदेशाच्या भरात असलेल्या माणसाला समोरच्याचे म्हणणे ऐकू येत नाही, आणि मी ते नोकरशाहीचा नमुना म्हणून सोडून देऊन अंत्यविधीकडे वळलो. अमेरिकेतील डेन्व्हर शहरी ४ मार्च २०१० रोजी एका रचनासंस्थेने या आवृत्तीची चक्क अंत्ययात्रा काढली, शवपेटी ठेवली, लोक काळे कपडे घालून जमले, आणि मायक्रोसॉफ्टकडून त्या प्रसंगी फुलेही आली. मामा म्हणाले, "मृत्यूचा दाखला कुठे आहे? नुसती तिरडी बांधल्याने वारसनोंद होत नाही." (तो दाखला पुढे आला. १५ जून २०२२ रोजी कंपनीने एक्सप्लोररची अखेरची अकरावी आवृत्ती विंडोज १० वरील सेवेतून कमी केल्याचे जाहीर केले, आणि दक्षिण कोरियातील एका अभियंत्याने ग्योंगजू गावी त्याच्या नावाने दगड उभा केला. मामांनी ती बातमी कापून फाइलीस लावली आणि समासात शेरा मारला, "नोंद घेतली. विलंबाने प्राप्त.")

एवढ्यावर न थांबता त्यांनी प्रतिपक्षाचा कागद पुढे केला. एका सरकारी संकेतस्थळाच्या तळाशी, भेट देणाऱ्यांच्या संख्येच्या खाली बारीक अक्षरांत असे लिहिलेले होते की, हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोरर ६ वर, ८०० गुणिले ६०० या मापाच्या पडद्यावर उत्तम दिसते. मामांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढून पान छापून ठेवले होते. "हा शासनाचा लेखी अभिप्राय. तुझ्याकडे याच्या विरुद्ध शासनाचा काही कागद असल्यास दाखव." माझ्याकडे नव्हता. अशा ओळी आपल्याकडील सरकारी पानांवर, ज्यांनी त्या लिहिल्या ते बदलून गेले तरी, वर्षानुवर्षे राहिल्या. त्या पुसण्याचे काम कोणाच्याच टेबलावर येत नव्हते.

परंतु मामांची निष्ठा केवळ कागदावर उभी नव्हती, आणि येथे त्यांची बाजू मांडणे मला प्राप्त आहे. मराठी वर्तमानपत्रे प्रथम महाजालावर आली तेव्हा प्रत्येकाचा टंक निराळा, अक्षरांची आतली मांडणी निराळी. जगातील सर्व लिप्यांना सर्वमान्य क्रमांक देणारी युनिकोडची पद्धत अस्तित्वात होती, पण आपल्या छापखान्यांत ती रुळली नव्हती. १९८८ साली स्थापन झालेली सीडॅक पुण्यातच भारतीय लिप्यांचे काम करीत असतानाही सामान्य वाचकाच्या घरी मराठी अक्षर सुखरूप पोचणे हा दैवाचा भाग होता. एक्सपीतसुद्धा जोडाक्षरे नीट जुळावीत म्हणून मूळ तबकडी घालून जटिल लिप्यांची सोय वेगळी बसवून घ्यावी लागे, आणि ती तबकडी बहुतेक घरांत सापडत नसे. एक्सप्लोररने १९९७ च्या चौथ्या आवृत्तीपासून अशी युक्ती केली होती की, पानाबरोबर त्या पानाचा टंकही तात्पुरता उतरवून घ्यावयाचा. म्हणून जे पान एक्सप्लोररमध्ये स्वच्छ मराठी दिसे, तेच दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडले की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरे, अर्धविराम आणि टक्क्यांच्या खुणा यांची झुंबड उडे. ज्या काळी इतर मंडळी मराठीला उंबऱ्यावर उभे करीत नव्हती, त्या काळी ज्याने रोज सकाळी अग्रलेख वाचावयास दिला, त्याला केवळ वय झाले म्हणून हाकलावे, हे मामांच्या मनास रुचत नव्हते. यात अज्ञान कोठे आहे? २०१४ पर्यंत वृत्तपत्रे युनिकोडवर आली होती आणि ती अडचण संपली होती, हे खरे; पण अडचण संपली म्हणून उपकार संपत नाहीत, ही गोष्ट तांत्रिक माहितीपत्रकात कोठेही लिहिलेली नसते.

"तुझ्या नव्याची आवृत्ती कितवी?" त्यांनी एकदा विचारले.

"तिशी ओलांडली."

"आणि वय?"

"दहाच्या आत."

"दहा वर्षांच्या आत तीस बढत्या!" मामांनी मान हलविली. "सेवाज्येष्ठतेने, की वशिल्याने? मला अव्वल कारकून व्हायला जन्म गेला."

दर दीड महिन्याने एक आवृत्ती काढण्याचा त्या धंद्यात तेव्हा प्रघात पडला होता, हे मी सांगितले नसते तर बरे झाले असते. ज्याच्या हातून दर दीड महिन्याला दुरुस्त करण्याजोगे काही घडते त्याला गोपनीय अहवालात काय शेरा मिळेल, हे मामांनी मला उघडपणे सांगितले नाही.

मग मी खिडकीतून दिसणाऱ्या घाटाचा आधार घेतला. खंडाळ्याच्या घाटात १८६३ साली लोहमार्ग सुरू झाला तेव्हा चढ एवढा बिकट होता की, वाटेत रिव्हर्सिंग स्टेशनावर गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि गाडी आल्या अंगाने उलटी फिरून पुढचा चढ चढे; १९२९ साली नवे बोगदे झाले आणि ते स्टेशन सुटले. आज कोणी मनुष्य मला जुन्याच वाटेने पुण्याला न्या म्हणून हटून बसतो काय? मामांचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे हा दृष्टान्त त्यांना लागेल अशी माझी अटकळ होती. आणि तो लागला, पण भलतीकडे. "आधी बोगदे खणले, रूळ टाकले, गाडी चालवून पाहिली, आणि मग जुना रस्ता बंद केला," ते म्हणाले. "आणि जुन्या गाडीतल्या उतारूंना सांगितले नाही, की सामान इथेच टाका आणि नव्या गाडीत रिकाम्या हाताने बसा."

सामान! तरीही मला उमगले नाही. ते उमगण्यास मामींना यावे लागले, आणि त्याही ब्राउझरविषयी काही सांगावे म्हणून आल्या नव्हत्या. त्या भात वाढण्यास आल्या होत्या.

मावळात आंबेमोहोराचा दर्प ज्यांच्या लहानपणात मिसळला आहे त्यांना दुसरा तांदूळ म्हणजे धर्मांतर वाटते. वडगावच्याच कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण काढून १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. उतारा अधिक, आणि आंबेमोहोराप्रमाणे वाऱ्यात लोळण घेण्याची खोड कमी. मामांच्या पानात तोच भात होता. मामी म्हणाल्या, "ह्यांना म्हटलं असतं की आजपासून इंद्रायणी, तर ताट सरकवून उठले असते. म्हणून मी सांगितलंच नाही. एक दिवस गुपचूप शिजवला."

"मला पहिल्या घासाला कळले होते," मामा आमटी कालवीत म्हणाले. "आंबेमोहोराचा अंश आहे त्यात, वास ओळखीचा आला, म्हणून बोललो नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझ्या नव्यात माझ्या जुन्याचा काय अंश येणार आहे, ते एकदा सांग पाहू."

हे उत्तर संगणकवाल्यांच्या लेखी इतके क्षुल्लक असते की ते कोणी उच्चारीतच नाही. नवा ब्राउझर बसविताना जुन्यातील आवडत्या पत्त्यांची यादी, साठविलेले परवलीचे शब्द आणि पाहिलेल्या पानांचा इतिहास आपल्याकडे ओढून घेण्याची सोय असते. एक प्रश्न विचारला जातो, एक खूण करावयाची असते. आम्ही लोक वेग, सुरक्षितता, मानके इत्यादिकांवर तासभर व्याख्यान देतो, आणि जिच्यासाठी समोरचा मनुष्य जीव धरून बसलेला असतो ती खूण मुकाट्याने करून टाकतो. मी त्यांना सांगितले, की सगळे सामान नव्या गाडीत येईल. मामांनी हात धुतले.

"मग चार्ज-यादी कर," ते म्हणाले.

ती यादी करताना दुपार गेली. मामांच्या आवडत्या पत्त्यांची कप्पेबंद व्यवस्था होती: 'जमीन', 'पंचांग', 'निवृत्तिवेतन', 'मुंबईकर', 'किरकोळ', आणि एक नुसताच 'पुढे पाहू'. त्यांतील निम्म्याहून अधिक पत्ते निवर्तलेले होते. ज्या संस्थांची ती पाने होती त्यांतील काही बंद पडल्या होत्या, काहींनी बिऱ्हाड बदलले होते. मी ते गाळू लागलो तसा मामांनी माझा हात धरला. "मयत खातेदाराचे नाव तुझ्या मर्जीने कमी होत नाही." तेव्हा मृतांसह सर्व यादी कोऱ्या कागदावर, कार्बन लावून दोन प्रतींत उतरली, डाव्या बाजूस 'चार्ज देणार', उजव्या बाजूस 'चार्ज घेणार'. जुन्याच्या वतीने मामांनी सही केली, कारण त्याच्याशी त्यांचा दीर्घ परिचय होता. नव्याचा मुखत्यार म्हणून मला करावी लागली. त्यानंतर मी जुना ब्राउझर समूळ काढू गेलो तर एक्सपी त्याला सोडीना, कारण कंपनीने तो आपल्या घडणीत असा गुंतविला आहे की त्याचे चिन्ह लपविता येते, त्याला उपटता येत नाही. हे ऐकून मामांना अतिशय समाधान वाटले. "वतनदार आहे तो. चाकरी काढून घ्या; घर त्याचेच राहणार."

एवढे झाल्यावर पाच मिनिटांचे काम उरले, आणि ते दोन दिवस चालले. कारण नव्या ब्राउझरने 'मला अटी मान्य आहेत' असे लिहिलेली चौकट पुढे केली, आणि मामांनी त्या अटी वाचावयास घेतल्या. जगात त्या अटी वाचणारे किती लोक आहेत हे ठाऊक नाही. पण वडगावच्या कचेरीत उमेदवारी केलेला मनुष्य न वाचता मान्यता देणे शक्य नव्हते. ज्या गावी इंग्रजांनी जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांपुढे हार खाऊन तहावर सह्या केल्या, आणि मुंबई-कलकत्त्यास आपल्या माणसांत पोचताच सही करणाऱ्यास तसा अधिकारच नव्हता म्हणून तो तह झुगारून दिला, त्या गावच्या अव्वल कारकुनास सहीचे मोल आणि सहीची किंमत या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. हातात भिंग, कानावर पेन्सिल, अशा थाटात ते कलमामागून कलम पार करीत गेले आणि अखेरीस एका जागी थबकले. वाद उद्भवल्यास तो कॅलिफोर्निया संस्थानातील सांता क्लारा परगण्याच्या न्यायालयांत चालेल, असे तेथे लिहिले होते.

"वडगावला न्यायालय असताना?"

मी म्हणालो, मामा, वाद उद्भवणारच नाही. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की त्या नजरेत महसुली खटल्यांचा सर्व इतिहास होता. पण यादी तयार होती, सह्या झाल्या होत्या, आणि चार्ज घेण्यास आलेला मनुष्य दारात ताटकळत होता. त्यांनी चौकटीत खूण केली. अग्रलेख प्रथमच पूर्ण पडद्यावर उमटला. मामांनी तो वरपासून खालपर्यंत एका दमात वाचला, आणि भराभर वाचल्यावर त्यात फारसे काही नसल्याचे त्यांच्या ध्यानात आले, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

हे प्रकरण येथे निकालात निघाले असे मी समजून चाललो होतो. भाद्रपदात मामांचा दूरध्वनी आला. रात्री संगणक चालू राहिला असता नव्या ब्राउझरने कोणास न विचारता, कोणाची मंजुरी न घेता, आपली आवृत्ती आपणच बदलून घेतली होती. मी समजावून सांगितले की हाच तर त्याचा गुण, छिद्र सापडले की मालकाची झोपमोड न करता ते बुजवून टाकावयाचे; ज्या एका गोष्टीसाठी मी पावसाळाभर वाद घातला ती नेमकी हीच. मामांनी गुण अमान्य केला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, चार्ज-यादीतील नोंदीनुसार त्यांनी ज्याला रुजू करून घेतले तो हा नव्हे. आवृत्तीचा क्रमांक जुळत नाही. आणि निदान पश्चात मंजुरीसाठी तरी प्रस्ताव यावयास हवा होता. त्यांनी आवृत्त्यांची एक नोंदवही घातली होती आणि कंपनीस द्यावयाच्या नोटिशीचा मसुदाही तयार होता. प्रश्न पत्त्याचा होता.

मी गाव सांगितले: माउंटन व्ह्यू.

"या नावाचा बंगला तर इथे हाकेवर आहे. गाव कोणते ते सांग."

गावच ते, मी म्हणालो. सांता क्लारा परगण्यातले. त्यावर दूरध्वनीतून लेखणी कागदावर फिरल्याचा आवाज आला, मुक्काम पोस्ट माउंटन व्ह्यू, जिल्हा सांता क्लारा, इथवर उतरले, आणि मग लेखणी थांबली. तालुक्याची जागा कोरी राहत होती. कॅलिफोर्नियात तालुके नसतात असे मी सांगून पाहिले. मामांनी ते समजुतीने ऐकून घेतले, आणि चौकशी करून नक्की काय ते कळव, तोवर पाकीट उघडेच ठेवतो, असे म्हणून दूरध्वनी ठेवून दिला.